पापुद्रा सुटला म्हणून कपाट फेकायचं?

स्वयंपाकघरातल्या कपाटाचा पापुद्रा सुटला, की हल्ली घरोघरी एकच वाक्य ऐकू येतं. "आता सगळं बदलूनच टाकू." दार बिजागरीवर नीट फिरत असतं, आतल्या फळ्या सरळ असतात, डबे वर्षानुवर्षं आपापल्या जागी बसलेले असतात. फक्त गॅसशेजारच्या दाराची कड उकललेली असते आणि वरचा चकचकीत थर केळीच्या सालीसारखा वळून बाहेर आलेला असतो. तेवढ्यासाठी अख्खं स्वयंपाकघर उकरायचं! रंगवून घेऊ असं कुणी सुचवलंच, तर घरातली मंडळी त्याच्याकडे अशी बघतात, जणू त्याने पाहुण्यांना शिळी भाकरी वाढा म्हणून सांगितलं.

माझं म्हणणं सरळ आहे, आधीच सांगून टाकते. पापुद्रा म्हणजे कपाट नव्हे. ज्याचा सांगाडा शाबूत आहे ते कपाट रंगवायचं. आणि ज्यात पुन्हा हात फिरवायची सोयच ठेवलेली नाही, ते मुळात घरात आणायचं नाही. सातारा-सांगलीकडच्या आपण लोकांनी तर नाहीच नाही. का, ते पुढे येईलच.

आमच्याकडे मॉड्युलर किचन हा शब्द दुकानाच्या पाटीवर असतो. बायका बोलताना "ट्रॉल्या करून घेतल्या" असंच म्हणतात. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत सातारच्या पेठांमधून, सांगली-मिरजेच्या कॉलन्यांमधून घरटी या ट्रॉल्या झाल्या. त्याबद्दल माझी तक्रार नाही. ओट्याखाली वाकून, डोकं आत घालून डबा शोधणं काय असतं ते मला माहीत आहे. सर्रकन बाहेर येणारी ट्रॉली ही चांगलीच गोष्ट. तक्रार आहे ती तिच्या पुढे लावलेल्या दाराबद्दल आणि बाजूच्या भिंतींबद्दल.

दुकानात आपल्याला दाखवतात तो दाराचा चेहरा. गुळगुळीत, चेरी रंगाचा, नाहीतर दुधासारखा पांढरा. त्या दाराची कापलेली कड दाखवा असं म्हणून बघा एकदा. आत लाकूड नसतं. पार्टिकल बोर्ड असेल तर लाकडाचा भुगा आणि चिपट्या डिंकाने दाबून केलेली फळी असते, एमडीएफ असेल तर लाकडाचे पिंजलेले तंतू. स्वस्तातल्या बोर्डांचा डिंक बहुधा युरिया फॉर्माल्डिहाइडचा असतो आणि पाणी हा त्याचा वैरी. ओल लागत राहिली की डिंकाची पकड सुटते, भुगा पाणी पितो, फळी फुगते. एकदा फुगली की वाळल्यावरही पूर्वीच्या जाडीवर येत नाही. स्क्रू धरत नाही, बिजागरी हातात येते. याउलट मरीन प्लायवूड ज्याला म्हणतात, त्यासाठी आयएस ७१० हे भारतीय मानक आहे. त्या परीक्षेत प्लायचा तुकडा ७२ तास उकळत्या पाण्यात ठेवतात आणि मग त्याचे थर सुटले का ते बघतात. म्हणजे पाण्यात टिकणारी वस्तू कशी करायची हे कारखानदारांना पक्कं ठाऊक आहे. आपण ती मागत नाही, आपण रंग मागतो.

आणि तो चकचकीत थर? ज्याला मेंब्रेन म्हणतात, ती पीव्हीसीची पातळ कातडी असते. ती तापवून, हवा खेचून घेऊन एमडीएफच्या दारावर ताणून बसवतात. तिचा गोंद उष्णतेने चिकटतो. आता जो गोंद उष्णतेने चिकटतो तो उष्णतेनेच सैल पडणार, हे कळायला शास्त्रज्ञ कशाला पाहिजे? रोज दोन वेळा कुकरची वाफ, भाकरीचा तवा, फोडणीचा धूर. म्हणून गॅसच्या दोन्ही बाजूंची दारं आधी सोलतात आणि फ्रिजपलीकडचं दार दहा वर्षं तसंच राहतं. विक्रेता मात्र म्हणतो, "ताई, तुम्ही ओल्या फडक्यानं पुसलं असणार." घ्या! स्वयंपाकघर फडक्याने पुसू नये, हे आम्हाला आधी कुणी सांगितलं नव्हतं.

सनमायकाची गोष्ट थोडी वेगळी, तो थर जास्त कणखर. (सनमायका हे खरं तर एका कंपनीचं नाव, पण आपण सरसकट सगळ्याच पत्र्यांना ते चिकटवून टाकलं आहे, वनस्पती तुपाला डालडा म्हणतो तसं. त्याचा पूर्वज फॉर्मायका. तो १९१२ साली अमेरिकेत शोधला गेला तो विजेच्या सामानात अभ्रकाऐवजी वापरायला, म्हणून 'फॉर मायका'. स्वयंपाकघरात तो नंतर शिरला.) सनमायका सुटतो तो बहुतेक वेळा कडेने. खाली प्लाय चांगला असेल तर गोंद लावून, वर पाटा-वरवंटा ठेवून एका रात्रीत बसतो. अर्ध्या तासाचं काम आणि शंभर रुपयांच्या आतला गोंद. पण हे सांगण्यात कुणाचा फायदा आहे?

गंमत म्हणजे या सगळ्या ट्रॉली-संस्कृतीची जी आद्य आई, ती रंगवलेली होती. १९२६ साली जर्मनीतल्या फ्रँकफुर्ट शहरात मार्गारेटे श्युट्टे-लिहोट्स्की या वास्तुविशारद बाईंनी कामगारांच्या घरांसाठी एक आटोपशीर स्वयंपाकघर आखलं. हाताशी येणारे खण, मापात बसवलेली कपाटं. अशी सुमारे दहा हजार स्वयंपाकघरं बसवली गेली. पिठाचे खण ओकच्या लाकडाचे, कीड लागू नये म्हणून. आणि दारांना निळसर हिरवा रंग, कारण त्या रंगावर माश्या बसत नाहीत असा तेव्हाचा समज. लाकूड आणि त्यावर रंग, बस. आपण त्यांची मापं उचलली आणि लाकूड तेवढं सोडून दिलं.

आपल्याकडेही वेगळं काही नव्हतं. भिंतीतलं फडताळ, जाळीचं कपाट, कोनाड्याला लावलेली दारं, सगळ्यांवर ऑइल पेंट. आकाशी, पोपटी, नाहीतर तो पोलीस चौकीचा तपकिरी. दिवाळीच्या आधी भिंतींना चुना लागे आणि दर चार-पाच वर्षांनी दारांना रंग. जुन्या फडताळाच्या दाराचा टवका उडाला की आत चार रंगांच्या रेघा दिसतात, त्या घरातली लग्नं मोजता येतात त्यावरून. महाबळेश्वरला तर पावसाळ्याआधी अख्ख्या घराला गवताच्या झडी बांधत. कुणी त्याला कटकट म्हणत नव्हतं. घर ही दरवर्षी थोडी थोडी करायची गोष्ट आहे हे गृहीतच होतं. 'मेंटेनन्स फ्री' हा शब्द आला आणि आपण भाळलो. त्याचा खरा अर्थ असा की बिघडलं तर दुरुस्त करता येणार नाही.

माझ्या स्वयंपाकघरातली दारं सोलायला लागली तेव्हा ज्या दुकानातून ती घेतली होती तिथे मी गेले. "याच्यावर रंग धरत नाही, बदलावंच लागेल," असं सांगून त्यांनी १ लाख ६० हजारांचा अंदाज हातात ठेवला. सोललेली दारं चौदापैकी पाच! मग माझ्या माहितीतले एक वयस्कर रंगारी आहेत, त्यांना बोलावलं. त्यांनी दारावर नखाने टिचकी मारली, खालची कड चाचपली आणि म्हणाले, "वहिनी, बोर्ड वाळका आहे. कातडं काढू, रंग न धरायला काय झालं?"

२०२२ च्या मार्चमध्ये आम्ही ते काम केलं, आणि ते कसं केलं हे जरा सविस्तर सांगते, कारण 'होत नाही' म्हणणाऱ्यांना तेवढंच उत्तर आहे. दारं उतरवून प्रत्येकाच्या मागे पेन्सिलीने आकडा टाकला. (हे विसरलात तर परत लावताना रडाल, एकसारखी दिसणारी दारं एकसारखी नसतात.) केस वाळवायच्या यंत्राची गरम हवा सोडून मेंब्रेनची कातडी ओढून काढली. जिथे सुटली नव्हती तिथेही काढली, कारण अर्धवट चिकटलेल्या थरावर रंग लावला तर तोच थर पुढे रंगाला घेऊन पडतो. राहिलेला गोंद पत्रीने खरवडला. आतली न सोललेली लॅमिनेटची बाजू धुण्याच्या सोड्याच्या कोमट पाण्याने दोनदा धुतली, कारण तेलकटपणावर जगातला कुठलाही रंग बसत नाही आणि आपल्या फोडण्यांचं तेल डोळ्यांना दिसत नसलं तरी असतं. मग पॉलिश पेपर मारून चकाकी मारली. एमडीएफच्या कडा म्हणजे टीपकागद. त्या प्रायमर पीतच राहतात, म्हणून कडांना आधी लांबी भरली, घासली, मग प्रायमरचे दोन हात दिले. पुन्हा बारीक पेपर. वर इनॅमलचे दोन पातळ हात, मध्ये पूर्ण एक दिवस सोडून. सिंकखालचं एक दार मात्र फुगलेलंच होतं, ते वाचण्यासारखं नव्हतं. तेवढं प्लायमध्ये नवं केलं आणि त्यालाही तोच रंग दिला. पुढचे पंधरा-वीस दिवस दारं हलक्या हाताने पुसायची, घासायची नाहीत. वाळलेला रंग आणि पक्का झालेला रंग यात फरक असतो, आणि घाईने नासलेलं काम मग रंगाच्या नावावर जातं. मजुरी, सामान, नवं दार धरून ११ हजार रुपये लागले. दारं अजून आहेत.

एक सावधगिरी मात्र हवीच. जुनी कपाटं असतील तर आधीच्या रंगात शिसं असू शकतं. घरगुती रंगांत शिशाचं प्रमाण ९० पीपीएमच्या वर नको हा नियम आपल्याकडे २०१६ साली झाला आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीचे थर कोरडे घासून त्याची धूळ घरभर करू नका. पाणी लावून घासा, तोंडाला फडकं नव्हे, नीट मास्क लावा, लहान मुलांना आजीकडे पाठवा. नवा डबा घेतानाही त्यावर काय लिहिलंय ते वाचा.

आता सांगलीकडे वळते, कारण माझा खरा राग तिथला आहे.

साताऱ्याच्या डोंगरात पडणारा पाऊस सांगलीच्या घरात शिरतो. कृष्णा आणि कोयना दोघी महाबळेश्वरच्या, वेण्णा माहुलीला कृष्णेला मिळते, कोयना कराडच्या प्रीतिसंगमावर, आणि सांगलीजवळ हरिपूरला वारणा येऊन मिळते. आयर्विन पुलाच्या पट्टीवर ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ फूट धोका पातळी, हे सांगलीतल्या शाळकरी पोरालाही पाठ असतं. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. माझी मावशी गावभागात राहते. तिच्या स्वयंपाकघरात छातीएवढं पाणी होतं आणि ते दिवसचे दिवस तसंच राहिलं.

मावशीचं लग्न १९७२ सालचं, दुष्काळातलं. तिच्या सासऱ्यांनी तेव्हा सुतार घरी बसवून सागाची तीन कपाटं करून घेतली होती, त्यातलं एक जाळीचं. २०११ मध्ये मुलाने ओट्याखाली बोर्डाच्या ट्रॉल्या करून दिल्या. पूर ओसरल्यावर आम्ही गेलो तेव्हा ट्रॉल्यांचा शिरा झाला होता. अक्षरशः शिरा. फळी हाताने धरली तर मूठभर हातात येत होती. सागाच्या कपाटांवर चिखलाचा थर होता, रंगाचे पापुद्रे लोंबत होते, दारं फुगून अडकली होती. दिसायला दोन्ही सारखीच वाईट.

आणि इथेच घात झाला. नव्या ट्रॉल्यांचं माप घ्यायला आलेल्या माणसाने सगळ्यावर एकच बोट फिरवलं. "हे सगळंच गेलं बघा काकू. ठेवलं तर वास येणार. शिवाय नव्याला मॅच होणार नाही." सरकारची मदत शहरात कुटुंबामागे १५ हजार रुपये होती. नव्या ट्रॉल्यांची आगाऊ रक्कम त्याहून जास्त. तरी घाबरलेल्या, दमलेल्या, घरभर चिखल उपसणाऱ्या माणसांना वाटलं, एकदाच काय ते करून टाकू. गल्लोगल्ली रस्त्यावर सामानाचे ढीग लागले होते, त्यात आणखी दोन कपाटं. दुसऱ्या दिवशी जुनं लाकूड घेणारा टेम्पो आला आणि त्या ढिगातून त्याने काय उचललं? बोर्डाला हात लावला नाही. साग तेवढा निवडून, एकेक दार पाण्याने धुऊन, व्यवस्थित दोरीने बांधून घेऊन गेला. त्याला कळत होतं की आत लाकूड जिवंत आहे. आपल्याला सांगितलं गेलं होतं की ते मेलंय, आणि सांगणाऱ्याला ते कळत नव्हतं असं मला आजही वाटत नाही.

जाळीचं कपाट मावशीने दिलं नाही. कुणाचं ऐकलं नाही, दारात पाय रोवून उभी राहिली. ते आम्ही स्वच्छ धुतलं, दारं सुटी करून सावलीत ठेवली. उन्हात ठेवली असती तर तडकली असती. दीड-दोन महिने नुसती वाळू दिली. ओल्या लाकडावर रंग मारला तर आतली वाफ रंगाला फोड आणते, म्हणून दिवाळी तशीच बिनरंगाची गेली. नंतर घासून, जाळी बदलून रंगवलं. २०२१ च्या जुलैमध्ये पाणी पुन्हा ५० फूट ओलांडून गेलं, पुन्हा घरात आलं. दोन वर्षांपूर्वी आणलेल्या नव्या कोऱ्या ट्रॉल्यांचा पुन्हा शिरा. जाळीचं कपाट पुन्हा धुतलं, वाळवलं, रंगवलं. आज त्यात तिची दुधाची पातेली आहेत.

२००५, २०१९, २०२१. ज्या गावात पाणी इतक्यांदा आलं, तिथे तळमजल्याच्या ओट्याखाली भुशाचा बोर्ड विकणं याला मी धंदा म्हणणार नाही. आणि तो विकत घेताना आपण "पाणी आलं तर?" एवढा एक प्रश्न विचारत नाही, याला काय म्हणायचं ते तुम्हीच ठरवा.

तुम्ही म्हणाल, रंग टिकत नाही. खरं आहे. मूठ धरतो तिथला रंग आधी जाणार, पातेलं आपटलं की टवका उडणार. पण टवका उडाला तर उरलेल्या डब्यातला रंग बोटभर ब्रशने लावता येतो. मेंब्रेनचा टवका कुणी लावून दाखवावा! दुसरं म्हणणं, माणसं मिळत नाहीत. हेही खरं, आणि याचं कारण आपणच. भिंतीवर रोलर फिरवणारे ढीगभर आहेत, लाकूड घासून रंगवणारा दुर्मिळ होत चालला, कारण त्याच्या दिवसभराच्या घासण्याला आपण "नुसतं घासतोय" म्हणतो आणि मजुरीत घासाघीस करतो. शोरूममध्ये मात्र सांगितलेला आकडा मान खाली घालून देतो. नव्या ट्रॉल्यांत माल विकला जातो, रंगवण्यात फक्त हात विकले जातात. हातांना भाव नाही, म्हणून ते हात उरले नाहीत.

आणि तिसरं, जे कुणी मोठ्याने बोलत नाही. रंगवलेलं कपाट म्हणजे परिस्थिती बेताची. सोसायटीतल्या एक बाई मला म्हणाल्या, "अगं, निदान पुढची तरी नवीन घ्यायचीस." त्यांच्याकडे पांढरीशुभ्र दारं आहेत. पांढरी! हळदीला भौगोलिक मानांकन मिळालेल्या सांगलीच्या त्या माहेरवाशीण. रोज हळदीचे हात पुसत बसतात. (बाय द वे, हळदीचा डाग साबणाने लाल होतो आणि उन्हात आपोआप फिका पडतो. पण भिंतीला ठोकलेलं दार उन्हात कसं नेणार?) माझी दारं शेवाळी हिरवी आहेत. हळद त्यावर दिसत नाही.

सगळं वाचतं असं मी म्हणत नाही. खालची कड चाचपून बघा. बोट आत जात असेल, स्क्रू नुसताच फिरत असेल, तर ती फळी गेली, तिच्यावर रंगाचे पैसे घालू नका. तेवढीच बदला. नवं करायचंच असेल तर कापलेली कड मागून बघा, प्लायवर कुठल्या मानकाचा शिक्का आहे ते बघा, आणि सांगलीत तळमजल्यावर राहत असाल तर ओट्याखाली कडाप्पाचे नाहीतर स्टीलचे कप्पे करून घ्या. मावशीने शेवटी तेच केलं. कडाप्प्याचे उभे-आडवे कप्पे, पुढे लाकडी चौकटीची साधी दारं, दोन स्क्रू काढले की हातात येणारी. पाणी वाढायला लागलं की पुलाच्या पट्टीची बातमी ऐकत ऐकत शेजारचा मुलगा ती काढून माळ्यावर टाकतो.

रंगवायचं असेल तर मात्र मेच्या आत उरकून घ्या. मिरग लागला की हवेत ओल येते, साताऱ्यात तर फारच, आणि मग ऑइल पेंट चार-चार दिवस बोटाला लागत राहतो.